जागा किती, माणसे किती? भंडारदऱ्याच्या काठावरचे तंबू, कॅराव्हॅन आणि जागाभाडे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदरा जलाशयाच्या काठावरच्या गावांमध्ये तंबूतला मुक्काम हा आता हंगामी व्यवसाय झाला आहे. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि कोलटेंभे या गावांतल्या अनेक कुटुंबांना भातशेतीच्या जोडीने त्याचा आधार आहे. हा व्यवसाय सुरुवातीपासून माणशी दरावर चालतो. पाहुण्याने रिकाम्या हाताने यायचे. तंबू, गादी, चहा, जेवण, नाश्ता सगळे गावातल्या चालकाने पुरवायचे आणि डोकी मोजून पैसे घ्यायचे.

अलीकडे वेगळ्या तऱ्हेचे पाहुणेही येऊ लागले आहेत. काहींकडे स्वतःचे तंबू असतात, काहींच्या जीपच्या टपावर घडीचा तंबू असतो, तर काही जण झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली कॅराव्हॅन घेऊन येतात आणि तिच्या शेजारी मुलांसाठी किंवा सोबतच्या मंडळींसाठी आणखी एकदोन तंबू ठोकतात. त्यांना चालकाकडून हवी असते ती मुख्यतः जमीन, पाणी आणि संडास. अशा पाहुण्याकडून कशाचे आणि किती पैसे घ्यायचे, हे माणशी दराच्या चौकटीत ठरत नाही. त्यासाठी जागेचा आणि माणसांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

परिसर आणि हंगाम

प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तिच्यावरच्या भंडारदऱ्याच्या धरणाचे काम 1910 मध्ये सुरू होऊन 1926 मध्ये पूर्ण झाले. तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. जलाशयाची साठवण सुमारे 11 टीएमसी आहे. पूर्वेकडचा बराचसा जिल्हा अवर्षणाला तोंड देत असताना घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस पडतो. शेजारीच 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 मध्ये घोषित झाले आणि काठावरची बरीच गावे त्याच्या हद्दीत आली.

तंबूंचा हंगाम वर्षभर सारखा नसतो. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचे दिवस असतात आणि शनिवार-रविवारी सर्वाधिक गर्दी तेव्हाच होते. जुलै ते सप्टेंबर धबधब्यांचे दिवस. या काळात पाहुणा घरात किंवा पक्क्या छपराखाली राहतो, कारण भाताची लावणी झालेली असते आणि मोकळी जमीन चिखलाने भरलेली असते. भाताची कापणी उरकली की खाचरे रिकामी होतात. तिथून फेब्रुवारीपर्यंत थंडीचा हंगाम चालतो आणि 31 डिसेंबरच्या रात्री तो कळसाला पोहोचतो. मार्च-एप्रिलमध्ये पाहुणे कमी होतात, पाणीही मागे सरकते.

पाण्याचे हे मागे सरकणे तंबूच्या जागेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जलाशयातले पाणी कालव्यांवाटे खालच्या तालुक्यांच्या शेतीला जाते, त्यामुळे काठ दर महिन्याला हलतो. नोव्हेंबरमध्ये ज्या तंबूच्या दारात पाणी असते, तिथून एप्रिलमध्ये पाण्यापर्यंत जायला भेगाळलेल्या गाळावरून बरेच चालावे लागते. म्हणून ‘पाण्यालगतची जागा’ असा वेगळा दर लावणाऱ्याने तो कोणत्या महिन्यांपुरता आहे, हे सांगायला हवे.

जमीन कोणाची

काठावरची जमीन चार प्रकारची आहे आणि प्रत्येकीवर तंबू लावण्याचा अधिकार वेगळा आहे.

पहिला प्रकार मालकीच्या खाचरांचा. येथील बहुतेक शेतकरी महादेव कोळी समाजाचे आहेत. उतारावर बांध घालून तयार केलेली ही खाचरे लहान, पण सपाट असतात आणि कापणीनंतर तंबूला सोयीची ठरतात. जागेचे भाडे घेण्याचा हक्क इथे सरळ मालकाचा असतो.

दुसरा प्रकार धरणासाठी संपादित झालेल्या बुडीत क्षेत्राचा. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी ही गाळपेर जमीन जलसंपदा विभागाची असते. ती पिकासाठी भाडेपट्ट्याने दिली जाते. पण पट्टा पिकाचा असतो, मुक्कामाच्या धंद्याचा नव्हे. पाहुण्यांना सर्वांत आवडणारी, पाण्याला अगदी टेकलेली जागा बहुधा याच प्रकारात मोडते. त्यामुळे तिथे घेतलेल्या भाड्यावरून वाद होण्याची शक्यताही सर्वाधिक असते.

तिसरा प्रकार वनजमिनीचा. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. चौथा प्रकार महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवासाच्या आवाराचा. तिथे महामंडळाचे दर आणि नियम चालतात.

रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. मंदिराच्या आसपास तंबूंसाठी ओटे, संडास किंवा पत्र्याची शेड उभारू पाहणाऱ्याला हे अंतर आधी मोजावे लागते.

माणशी दर आणि त्याची मर्यादा

प्रचलित पद्धतीत शनिवार-रविवारचा दर माणशी साधारण हजार-बाराशे रुपयांपासून पुढे असतो. त्यात संध्याकाळचा चहा आणि भजी किंवा पोहे, रात्री भाकरी, पिठलं किंवा रस्सा, भात, सकाळी नाश्ता आणि दोघातिघांत एक तंबू एवढे येते. गर्दीच्या रात्री दर चढतो, आडवारी उतरतो. लहान मुलांना अर्धा दर आणि अगदी लहानांना माफी, असा रिवाज आहे.

हा दर समजायला सोपा आहे. घरातले पुरुष तंबू आणि गाड्यांचे पाहतात, बायका चुलीचे, आणि मिळकत एका रकमेत येते. पण त्यात जमिनीची किंमत कुठेच दिसत नाही. तंबू चालकाचा, चूल चालकाची आणि खाचरही त्याचेच असेल तोवर काही बिघडत नाही. पाहुणा तंबू आणि शिधा घेऊन आला की दोन टोकांचे अन्याय होतात. काही ठिकाणी त्याच्याकडूनही पूर्ण माणशी दर मागितला जातो, म्हणजे न वापरलेल्या गादीचे आणि न खाल्लेल्या जेवणाचे पैसे घेतले जातात. काही ठिकाणी ‘एका गाडीचे इतके’ असा ठोक आकडा सांगितला जातो. मग एका कॅराव्हॅनसोबत तीन तंबू आणि दहा माणसे उतरतात, संडास आणि पाणी दहा जण वापरतात आणि मालकाच्या पदरात एका गाडीचे भाडे पडते.

एका तंबूला किती जमीन लागते

जागाभाडे ठरवायचे तर जागेचे माप आधी हवे. दोघातिघांच्या घुमटी तंबूचा तळ साधारण 7 फूट लांब-रुंद असतो. वाऱ्यासाठी बाहेरून ताणलेले दोर आणि त्यांच्या खुंट्या धरल्या तर तो 10 बाय 10 फूट, म्हणजे 100 चौरस फूट जमीन अडवतो. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा. कागदावर गुंठ्यात दहा तंबू बसतात आणि गर्दीच्या रात्री काही खाचरांत जवळजवळ तसे बसवलेही जातात. एकाचे दोर दुसऱ्याच्या दारात येतात, रात्री उठलेला माणूस त्यांत अडखळतो आणि एका तंबूने पेट घेतला तर शेजारचा वाचवता येत नाही.

दोन तंबूंच्या कापडांमध्ये 10 फूट मोकळे सोडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 17 बाय 17, म्हणजे 289 चौरस फूट येतात. दहा गुंठ्यांच्या खाचरात मग सदतीसेक तंबू मावतात. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनच्या तळांवर दोन मुक्कामांमध्ये 6 मीटर, म्हणजे जवळजवळ 20 फूट अंतर ठेवण्याचा दंडक आहे आणि त्याचे मुख्य कारण आग हेच आहे. ते अंतर पाळले तर त्याच दहा गुंठ्यांत पंधराच तंबू बसतात. पाऊलवाट, संडास आणि गाड्यांची जागा वजा केली की संख्या आणखी उतरते. खाचराची क्षमता ठरवताना हा हिशेब करावा आणि त्याहून जास्त नोंदणी घेऊ नये.

कॅराव्हॅनचे माप वेगळे असते. भारतातल्या बहुतेक कॅराव्हॅन प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. त्यांची लांबी 6 ते 7 मीटर असते आणि दाराच्या बाजूला आठेक फुटांचे कापडी छत बाहेर ओढता येते. छतासकट अशी गाडी सुमारे 350 चौरस फूट जमीन व्यापते, म्हणजे दोर-खुंट्यांसह साडेतीन तंबूंएवढी. शिवाय तिला वळायला जागा, चाक रुतणार नाही अशी कडक जमीन आणि खाचराच्या बांधाला धक्का न लावता आत शिरण्याची वाट लागते. बांध एकदा फुटला की पुढच्या पावसात माती वाहून जाते आणि तो पुन्हा घालायला शेतकऱ्याचे दिवस जातात. म्हणून मोठी गाडी खाचरात न उतरवता रस्त्यालगतच्या मुरमाड पडीक तुकड्यावर उभी करणे आणि तंबू तेवढे खाचरात लावणे, हीच या डोंगरउतारावर शहाणपणाची रीत ठरते.

कॅराव्हॅन आणि जादा तंबू

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्याचे दोन भाग आहेत: कॅराव्हॅन वाहने आणि ती उभी करण्यासाठीचे कॅराव्हॅन पार्क. पक्के बांधकाम करता येत नाही अशा निसर्गरम्य भागांत पर्यटकांची सोय व्हावी, हा त्यामागचा विचार. पार्क खासगी किंवा महामंडळाच्या जागेवर करता येतो आणि तिथे रस्ता, पाणी, वीज व स्वच्छतागृह असणे अपेक्षित आहे. त्याच वर्षी साहसी पर्यटनाचे आणि त्याआधी 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आले. नोंदणी करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला या तिन्हींपैकी आपल्याला लागू पडणारे निवडता येते.

वाहनालाही नियम आहेत. कॅराव्हॅनच्या मान्यतेसाठी एआयएस-124 हे मानक आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीत नमूद केलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही. साध्या व्हॅनमध्ये ओटा, गॅस आणि पाण्याची टाकी बसवून ती ‘कॅराव्हॅन’ म्हणून आणणाऱ्याची कागदपत्रे पाहणे चालकाच्या हिताचे असते. गॅसची जोडणी कच्ची असेल, तर धोका शेजारच्या तंबूंनाही असतो.

जादा तंबूबद्दल जगभरच्या तळांवर थोड्याफार फरकाने एकच रीत दिसते. मूळ भाड्यात एक आखलेला प्लॉट, एक वाहन आणि ठरावीक माणसे येतात. वाहनाला जोडलेले कापडी छत बहुधा त्या प्लॉटचाच भाग धरले जाते, काही तळ त्याचे वेगळे पैसे घेतात. लहान मुलांचा छोटा तंबू आखलेल्या हद्दीत मावत असेल, तर अनेक ठिकाणी तो चालवून घेतला जातो किंवा त्याला नाममात्र आकार असतो. मोठ्या माणसांचा दुसरा तंबू मात्र वेगळा मुक्काम समजला जातो. दुसऱ्या गाडीलाही वेगळा दर असतो.

भंडारदऱ्यासाठी ही रीत तीन ओळींत बसवता येते. पहिली ओळ जागेची: आखलेला प्लॉट, त्याचे माप आणि त्याचे रात्रीचे भाडे. दुसरी माणसांची: प्रत्येकी पाणी, संडास आणि कचरा यांचा आकार. तिसरी मागून घेतलेल्या सोयींची: जेवण, तंबू, गादी, वीज. सहा जणांचे कुटुंब कॅराव्हॅन घेऊन आले, त्यांतले दोघे मुलगे प्लॉटच्या हद्दीत छोट्या तंबूत झोपले आणि सर्वांनी फक्त रात्रीचे जेवण घेतले, तर बिल होईल एका प्लॉटचे भाडे, सहा जणांचा आकार आणि सहा ताटे. तंबू हद्दीबाहेर गेला, तर दुसरा प्लॉट. यात पाहुण्याला न घेतलेल्या सोयीचे पैसे पडत नाहीत आणि मालकाच्या जमिनीवर कोणी फुकट पसरत नाही.

आग, धूर आणि वारा

तंबूच्या जागेचे बरेच नियम जिवाशी निगडित आहेत. थंडीच्या रात्री बार्बेक्यूची विझत आलेली शेगडी उबेसाठी तंबूत किंवा गाडीत नेणे प्राणघातक आहे. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. हा नियम प्रत्येक पाहुण्याला उतरतानाच तोंडी सांगावा. शेकोटी तंबूंपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एकच आणि सामाईक असावी.

काजव्यांचे दिवस हेच वळवाच्या वादळांचेही दिवस असतात. एकट्या उंच झाडाखाली किंवा उघड्या टेकाडावर तंबू लावू नये. वीज कडाडू लागली की सर्वांना पक्क्या घरात नेण्याची सोय हवी. धरणाच्या खाली प्रवरेच्या पात्रालगत तंबू लावू नये, कारण विसर्ग वाढला की पाणी चढते. जलाशयात रात्री उतरण्यास मनाई असावी. या भागात बिबट्याचा वावर आहे. उष्टे उघड्यावर टाकले की कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो.

अभयारण्याचे नियम आणि काजवे

अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागू होतो. कलम 27 प्रवेशावर निर्बंध घालते आणि कचरा टाकणे व वन्यप्राण्यांना त्रास देणे यांना मनाई करते. कलम 28 खाली पर्यटनासाठी शुल्क घेऊन परवानगी देता येते. कलम 30 नुसार आग लावणे किंवा पेटती ठेवून निघून जाणे गुन्हा आहे. वनविभागाच्या नाक्यावर घेतले जाणारे प्रवेशशुल्क हे कलम 28 च्या परवानगीचे असते. तंबूच्या जागेचे भाडे त्यात येत नाही. अनेक पाहुणे या दोन रकमांची गल्लत करतात आणि दोनदा पैसे घेतल्याची तक्रार करतात. चालकाने नोंदणीच्या वेळीच दोन्ही आकडे वेगळे सांगितले, तर हा गैरसमज होत नाही.

काजव्यांचा प्रकाश हा जोडीदाराला दिलेला संकेत असतो. गाडीचे दिवे, फ्लॅश आणि तंबूंवरच्या दिव्यांच्या माळा यांनी तो संकेत बुजतो आणि मीलन अडते. काजव्यांच्या अळ्या ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात राहून गोगलगायींवर जगतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा काजव्यांच्या झाडांखाली तंबू ठोकणे किंवा गाडी उभी करणे म्हणजे पुढच्या वर्षीचे काजवे तुडवणे. म्हणून या पंधरवड्यात प्लॉट झाडांपासून दूर आखावेत, दिवे जमिनीलगत आणि मंद असावेत. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला उघड्यावर मनाई आहेच. जंगलाकाठी ती विशेष कसोशीने पाळायला हवी.

याच अभयारण्यातल्या हरिश्चंद्रगडावर मुक्कामाचा प्रश्न अधिक बिकट आहे. 1424 मीटर उंचीच्या या गडावर कोकणकड्याचे पठार लहान आहे, माती पातळ आहे आणि पाणी टाक्यांपुरते. तिथे संख्येला मर्यादा घालणे हाच मुख्य नियम ठरतो. पाचनईसारख्या पायथ्याच्या गावात मुक्काम करून पहाटे चढणे हा गडालाही आणि गावालाही मानवणारा पर्याय आहे.

पाणी, सांडपाणी, कचरा

जलाशय समोर दिसत असला, तरी ऐन उन्हाळ्यात वरच्या पाड्यांवर पिण्याच्या पाण्याची ओढाताण होते. कॅराव्हॅनची टाकी गावच्या नळावर भरणे म्हणजे कोणाच्या तरी हंड्यातले पाणी घेणे. टाकी येतानाच भरून आणावी आणि तळावर पाणी हवे असेल, तर ते मोजून, वेगळ्या आकाराने द्यावे. गाडीतल्या रासायनिक संडासाची टाकी शेतात किंवा ओढ्यात कधीच रिकामी करू नये. मोरीच्या पाण्यासाठी जलाशयापासून दूर शोषखड्डा हवा. प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. कचरा पाहुण्याने परत न्यावा, किंवा गावाने आकार घेऊन त्याची विल्हेवाट लावावी. तिसरा मार्ग दरीत जातो.

पैसा कोणाकडे जातो

अकोल्याचा हा आदिवासी पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 च्या पेसा कायद्याने आणि 2014 च्या राज्य नियमांनी तेथील ग्रामसभेला गावाच्या साधनसंपत्तीबाबत अधिकार दिले आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 124 मध्ये सार्वजनिक जागेच्या तात्पुरत्या वापरासाठी फी आकारण्याची तरतूद आहे. जत्रेत पाल ठोकणाऱ्या दुकानदाराकडून घेतले जाणारे जागाभाडे याच परंपरेतले. पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या कानिफनाथ यात्रेपासून लहानशा ग्रामदैवताच्या जत्रेपर्यंत हा व्यवहार जिल्ह्याला परिचित आहे. गावच्या सामाईक जागेवर गाड्या किंवा तंबू राहणार असतील, तर ग्रामसभेच्या ठरावाने फी ठरवून पावती देणे हा मार्ग खुला आहे.

वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने कॅम्पसाइट हा निवासाचाच प्रकार आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या निवासावर 5 टक्के दर लागतो. वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असलेल्या सेवा देणाऱ्याला साधारणपणे नोंदणी करावी लागत नाही. खाचरात दहा-बारा तंबू लावणारा शेतकरी बहुधा या मर्यादेच्या आत असतो. शहरातून नोंदणी घेऊन गावात तंबू लावणाऱ्या मध्यस्थाची गोष्ट वेगळी. पाहुण्याने भरलेल्या रकमेतला जमिनीचा वाटा स्वतंत्र लिहिलेला नसेल, तर त्या मध्यस्थाकडून शेतकऱ्याला किती मिळाले पाहिजे, हे ठरवायला आधारच उरत नाही. जागाभाड्याची वेगळी ओळ म्हणूनच जमीनमालकाच्या हक्काची आहे.

मोठ्या संख्येला जागा वाटून देण्याचा उत्तम नमुना महाराष्ट्रात वारीने घालून दिला आहे. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. दिंडीचा ट्रक, त्यातला शिधा आणि मुक्कामाला उभारायच्या राहुट्या यांची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या उभारण्यास न्यायालयाने मनाई केल्यानंतर पंढरपुरात 65 एकरांच्या भक्तिसागर परिसरात प्लॉट आखून दिंड्यांना देण्यात येऊ लागले. पाणी, वीज आणि संडास यांची सोय तिथे आहे. भक्तीचा मुक्काम आणि हौसेचा मुक्काम यांत पैशाचा फरक आहे. पण आधी आखणी, मग वाटप आणि प्रत्येक प्लॉटला ठरावीक माणसे, हे सूत्र दोन्हींना चालते.

दरफलकावर काय असावे

तळाच्या दारात मराठीत लिहिलेला एक फलक आणि हातात पडणारी एक पावती एवढ्यावर बहुतेक वाद मिटतात. फलकावर प्लॉटचे माप आणि भाडे, त्यात येणारी माणसे आणि वाहने, जादा तंबूचा आणि जादा गाडीचा दर, माणशी आकार, जेवणाचा दर, गर्दीच्या रात्रींचा वेगळा दर असल्यास त्या तारखा, येण्याची व जागा सोडण्याची वेळ, नोंदणी रद्द केल्यास परत मिळणारी रक्कम आणि वनविभागाचे प्रवेशशुल्क वेगळे असल्याची सूचना असावी. त्याखाली आग, आवाज, प्रकाश, पाणी आणि कचरा यांचे नियम आणि तळाची कमाल क्षमता. पाहुण्याने नोंदणी करताना गाडीची लांबी, तंबूंची संख्या व मापे आणि माणसांची संख्या खरी सांगावी. उतरल्यावर ती वाढली, तर फलकावरच्या दराने फरक भरावा. क्षमता भरली असेल, तर चालकाने ‘जागा नाही’ असे सांगावे, मग समोरचा दुप्पट पैसे देत असला तरी.

हा सगळा हिशेब ठेवायला एक वही आणि एक टेप पुरते. भाताचे खाचर चार महिने तांदूळ देते. उरलेल्या दिवसांत ते पाहुण्यांना जागा देत असेल, तर त्या जागेचे मोल शेतकऱ्याच्या वहीत स्वतंत्र रकान्यात लिहिले गेले पाहिजे.